हात डवरा हाये

चिखली
दि. ६ जुलै १९६४

ती. जनका आत्याबाईंच्या चरणी,
पंजाबचा शि. सा. न. वि. वि.

आपले पत्र पोचले. उत्तमराव मिस्त्रीही काल जळगाव जामोदहून परत आले आणि त्यांनी कै. आतोबांची बंदूक ठाण्यातल्या नोंदीसह त्यांच्या बंदूक-दुरुस्तीच्या दुकानात सुखरूप आणली. मला तिला हात लावण्याचा अधिकार फक्त दुकानाच्या उंबऱ्याच्या आत आहे, म्हणून बसस्टँडवर मिस्त्री दिसले तरी मी त्यांच्या हातातला बोजा घेतला नाही, नुसताच मागे मागे चाललो. लोक हसले. पण परवाना मिस्त्रींचा आहे, लोखंड त्यांचे आहे. माझ्याकडे फक्त लाकूड.

आपण लिहिलेली हकीकत मी दोनदा वाचली. आतोबांच्या मागे बंदुकीचा परवाना आपल्या नावावर झाला, आणि आता गुलाबराव भाऊजींनी अर्ज केला आहे की बाईमाणसाच्या नावावर बंदूक ही नुसती खुंटीला शोभा, तरी परवाना दिराच्या नावे करावा. ठाणेदारसाहेबांनी आपल्याला दसऱ्यापर्यंतची मुदत दिली, हे त्यांनी चांगले केले. तोवर आपण स्वतः त्यांच्यासमोर बार काढून दाखवला तर परवाना आपल्याकडे, नाहीतर भाऊजींकडे. मला ही गोष्ट समजली तेव्हापासून जेवण गोड लागत नाही. सातपुड्याच्या पायथ्याला ज्याच्या हाती बंदूक त्याच्या हाती राखण, आणि ज्याच्या हाती राखण त्याचेच पीक घरी येते.

मिस्त्रींनी बंदूक तपासली. ते म्हणाले की ही बंदूक नसून उखळाची बहीण आहे. तिचा खटका, म्हणजे नळीमागचा बार उडवणारा लोखंडी भाग, आणि चाप उत्तम आहेत, ते ठेवायचे. त्यावर दुकानाच्या नोंदवहीतली एक बारीक नळी बसवून ते आपल्यासाठी हलकी एकबारी रायफल जुळवून देणार आहेत. एकबारी म्हणजे एका वेळी एकच काडतूस. पहिला नेम चुकला की जनावर दुसऱ्याची वाट पाहत नाही. बदलाची मंजुरी त्यांनी ठाण्यातून लेखी आणली आहे. दस्ता, म्हणजे खांद्याला लावायचा लाकडी भाग, मी करणार. त्यासाठी आपल्या हाताचे माप हवे: कोपराच्या आतल्या घडीपासून चाप ओढायच्या बोटापर्यंत. सुतळीला गाठी मारून पाठवावे.

राग मानू नये, पण आपले मागचे पत्र लाल शाईने तपासून सोबत परत करीत आहे. आपण लिहायला शिकलात याचे मला फार कौतुक आहे, परंतु काना देण्यात आपण फार काटकसर करता. ‘गडी उशिरा आली’ असे आपण लिहिले होते. मी अर्धा दिवस विचार करीत होतो की कोणता गडी, आणि तो ‘आली’ कसा. नंतर समजले की एस.टी.ची गाडी. तेव्हापासून मी आपले पत्र अक्षर अक्षर तपासून वाचतो.

पावसात शेतात एकट्या जाऊ नये. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नये, ही विनंती.

आपला आज्ञाधारक,
पंजाब

•

पायथ्याचा मळा, जळगाव जामोद
ता. १९ जुलै ६४

चि. पंजाबा,
तुले माहे पोटभर आशीर्वाद.

तुहा कगद भेटला. पह्यले हे सांग का मले आपन-आपन काऊन लिहितं. मी काय तहसीलदारीन हाओ? अन् गाडीले काना द्याचा राहून गेला तं गाडी काय आली नाही? आली नं, अन् तिच्यात बसून मी घरी बी आली. तुही लाल शाई बनाबाईनं पाह्यली. शेजारीन हाये, तिले सारंच दिसते. ते म्हने, भाचा मास्तर हाये का? म्या म्हनलं, नाही वो, सातवीत शाळा सोडेल हाये, म्हनूनच इतकं शुद्ध लिहिते.

इकडं डवरनी सुरू हाये, दिसभर बैलामांगं डवऱ्याची मूठ धरून पिकातलं तन काढा लागते. मक्याले दाना धरला का सातपुड्यातून डुकरं उतरतात, वऱ्हाड लग्नाले उतरते तशे. पुढं लहान, मांगं मोठे, अन् जेवन झाल्यावर कोनाले राम राम बी नाही. तुह्या आतोबाची बंदूक मी उचलते म्हनलं तं उचलते, पन नेम धरेपर्यंत हात कापते. त्या मुसळानं म्या काय दाखवाव ठाणेदाराले?

गुलाबराव भाऊजी वाईट मानूस नाही, हे तू आधी समजून घे. आजारपनात त्यायनंच मले खाटेवर घालून दवाखान्यात नेलं होतं. पन गेल्या साली बंदूक त्यायच्याकडं होती, तं आधी त्यायनं त्यायचं वावर राखलं अन् मंग माहं. त्यायच्या घरी कनसं गेले, माह्या घरी कडबा आला. म्या विचारलं तं म्हने, वहिनी, डुकराले काय म्या पाठवलं? आता म्हनतात का तुमी भाकरी थापा, बंदुकीचं मी पाह्यतो. ते पाह्यतील, याचाच तं मले भेव हाये.

दस्त्याले सागवान नोको, शिसम तं बिलकुल नोको, लय जड. माळ्यावर शिवनीची फळी हाये, चांगली वाळेल. शिवन हलकी असते अन् तडकत नाही. गाडे करनाऱ्याच्या घरची पोरगी हाओ, लाकडातलं मले बी समजते. फळी एस.टी.वर टाकून देल्ली हाये, कंडक्टरले सांगेल हाये.

सुतळी बी फळीले बांधेल हाये. गाठी नीट मारल्या. पन एक ध्यानात ठेवजो, माहा हात डवरा हाये. त्या हिशोबानं घडवजो.

जेवत जाय. तुह्या आजीवानी सुकून राह्यला तू. माह्या जिवात तू हाये, तुह्या जिवात मले राहू देजो.

तुही आत्या
जनका

•

चिखली
दि. २३ ऑगस्ट १९६४

ती. जनका आत्याबाईंच्या चरणी,
पंजाबचा शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, क्षमा असावी. काम पूर्ण झाल्याशिवाय लिहू नये असे मनात होते. पण राहवत नाही.

प्रथम फळीविषयी. तशी शिवण मी पाहिलेली नाही. मिस्त्रींचा आधी विश्वास नव्हता. ते म्हणाले की शिवण पाळण्याला आणि मृदंगाला, बंदुकीला नव्हे. मी तिचा एक तुकडा कापून त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो नखाने दाबला, कानाजवळ नेऊन टिचकी मारली आणि म्हणाले, की तुझ्या आत्याबाईंना एकदा दुकानात आणून बसवले पाहिजे. हे मी वाढवून लिहीत नाही.

लोखंडाचे काम मिस्त्री करीत असताना मी जवळ उभा राहून पाहतो. नळी खटक्याला बसली की मधून उजेड दिसता कामा नये. ते ती बसवतात, उजेडाकडे धरतात, काढतात, कानशीचा एकच हात देतात, पुन्हा बसवतात. सकाळ त्यातच जाते. दुपारी ते ती मिटतात तेव्हा पेटीचे झाकण मिटावे तसा लहानसा आवाज होतो. तो आवाज ऐकून समोरचा शिंपीही मशीन थांबवतो.

दस्त्याचे सांगतो. वजन कमी व्हावे म्हणून मी तो मागून पोखरला आहे आणि तोंड पातळ पट्टीने बंद केले आहे. भिंत इतकी बारीक आहे की बोट वाजवले तर घुमते. दस्ता सरळ नसतो, हे आपल्याला ठाऊक नसेल. नळीच्या रेषेपासून तो किंचित बाजूला झुकवतात, म्हणजे गाल टेकला की डोळा आपोआप माशीवर येतो. माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा नेमाचा दाणा. हा झुकाव नेहमीप्रमाणे ठेवला असून त्यात कसूर केलेली नाही. नंतर काचेच्या तुकड्याने लाकूड तासले आणि रोज तळहाताने जवसाचे तेल चोळतो आहे. रंग आता भाजलेल्या भाकरीसारखा आला आहे.

आपला हात डवरा आहे, हे आपले वाक्य मला फार आवडले. ते मी मिस्त्रींना वाचून दाखवले. डवऱ्याची मूठ धरून धरून हात डवऱ्यासारखाच कडक झाला, असे फक्त आपणच लिहू शकता. त्या हिशोबानेच मूठ थोडी जाड ठेवली आहे आणि तिच्यावर बारीक रेघा पाडल्या आहेत, म्हणजे घट्टे पडलेल्या तळव्यातून ती सरकणार नाही. लाल शाईने या खेपेस फक्त ‘कगद’ दुरुस्त केला. ‘डवरा’ हा कठीण शब्द आपण बिनचूक लिहिला, त्याबद्दल शाबासकी.

काल मिस्त्रींनी जुळवलेली रायफल एका हाताने उचलली, खाली ठेवली आणि काही बोलले नाहीत. ते काही बोलत नाहीत तेव्हा काम बरे झालेले असते. पोळा झाला की ते स्वतः ती ठाण्यावर आणून नोंद करून आपल्या हाती देतील.

काळजीच्या दोन गोष्टी. हलकी बंदूक धक्का जास्त देते, म्हणून खांद्याला घट्ट लावावी, सैल धरू नये. आणि जेथे माणूस, बैल किंवा घर असेल त्या दिशेला रिकामीसुद्धा रोखू नये. आपल्याला हे सांगणे म्हणजे आगाऊपणा आहे, पण लिहिल्याशिवाय मला झोप येणार नाही.

आजवर जसे सांभाळून घेतले तसेच पुढेही घ्यावे.

आपला आज्ञाधारक,
पंजाब

•

पायथ्याचा मळा
ता. ११ सप्टेंबर ६४

चि. पंजाबा,
तुले माहे आशीर्वाद, अन् तुह्या हाताले बी निराळे.

बंदूक भेटली. ठाण्यात मिस्त्रीनं फडकं सोडलं तं तिथले शिपाई बी उठून पाहाले आले. एक म्हने, हे तं खेळनं हाये. मिस्त्री म्हने, मंग धरून पाह्य. त्यानं धरली, अन् मंग कोनी खेळनं म्हनलं नाही. मले तं ते लेकरावानी वाटली. वजन असं का काखेत घेऊन मी ठाण्यातून एस.टी.पर्यंत चालत गेली, अन् एकडाव बी खाली ठेवली नाही. मानसं लय होते म्हनून तिथं म्या खांद्याले लावून पाह्यली नाही. घरी आल्यावर दार लावून नुसता हात फिरवला. लोन्यावानी लाकूड झालं, बापा. तुहा आजा असता तं त्यानं तुले गाड्याच्या चाकावर बसवून गावातून फिरवलं असतं.

आता दुसरं. रागावून राह्यली नाही, पन सांगाच लागते. काल नाल्याच्या काठी बार काढून पाह्यले. गाल टेकवला तं माशी दिसतच नाही, डोळा नळीच्या भलत्याच अंगाले जाते. मान वाकडी करून पाह्यली तवा दिसली, पन बार सुटला अन् दस्त्यानं गालावर असा ठेवून देल्ला का कानात घंटा वाजली. दुसऱ्यांदा बी तसंच. आज गाल पुरीवानी फुगला हाये. बनाबाई म्हने, कोनं मारलं? म्या म्हनलं, भाच्यानं.

म्या तुले लिहून देल्लं होतं का हात डवरा हाये म्हनून. त्वा बी शाबासकी देल्ली, मिस्त्रीले वाचून दाखवलं. मंग उजव्या खांद्याची काऊन केली बे? डावरी हाओ मी, लहानपनापासून. गोफन डाव्या हातानं, विळा डाव्या हातानं. जेवाले, वाढाले, देवाले उजवा, कारन तुह्या आजीनं डावा हात पदराले बांधून ठेवला होता. तवापासून उजवा हात घरातला अन् डावा वावरातला. बंदूक वावरातली हाये. उजव्या खांद्याले लावून बी पाह्यली, पन मले उजव्या डोळ्यानं नेम धरताच येत नाही.

दसरा जवळ आला. भाऊजीनं गाल पाह्यला. नुसतं हुं केलं. त्या हुंचाच मले राग आला.

काय कराव ते सांग. माह्या मनातली तुही जागा तशीच हाये, भेऊ नोको.

तुही आत्या
जनका

•

चिखली
दि. १९ सप्टेंबर १९६४

ती. जनका आत्याबाईंच्या चरणी,
पंजाबचा शि. सा. न. वि. वि.

आपले पत्र आले. मी ते वाचून जागच्या जागी बसलो.

डावरा. डवरा. एका कान्याचा फरक. आपण चूक लिहिले असते, म्हणजे ‘डवर’ किंवा ‘डावर’, तर मी लगेच लाल शाई काढली असती आणि आपल्याला विचारले असते. पण डवऱ्याचे दिवस, डवऱ्याचा हात, आणि शब्द कोशात सापडेल इतका शुद्ध. जो शब्द मी तपासायला हवा होता, नेमकी त्यालाच मी शाबासकी दिली.

मिस्त्रींना सांगितले. ते रागावतील असे वाटले होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले की लाकूड मापायच्या आधी माणूस मापायचा असतो. ते मला फार लागले. बाबांना आपल्या माहेरी, साखरखेर्ड्याला, कळवले तर त्यांचे उलट टपाली कार्ड आले. त्यात एकच वाक्य आहे, की जनका डावरी आहे हे अख्ख्या साखरखेर्ड्याला ठाऊक आहे, गाढवा, मला का विचारले नाहीस. मी आपल्याला फक्त लग्नकार्यात पाहिले, आणि तिथे आपण नेहमी पंगतीत वाढत असायच्या, उजव्या हाताने.

आता उपाय. नवा दस्ता करायला वेळ नाही. लाकूड बसायलाच पंधरवडा लागतो. झुकाव उलटवता येत नाही. एकच मार्ग आहे: ज्या अंगाला आपला गाल टेकतो तिथले लाकूड तासून आत घ्यायचे, म्हणजे डोळा माशीवर येईल, आणि जोर यावा म्हणून दुसऱ्या अंगाला एक जाड पट्टी चिकटवायची. पण दस्ता मी पोखरलेला आहे. भिंत बारीक आहे. रंधा एक हात जास्त पडला तर आरपार भोक पडेल, आणि मग ना ही राहील ना जुनी. मी हे काम इथे डोळे मिटून करू शकत नाही. आपला गाल समोर हवा. मिस्त्रींनी दोन दिवसांची रजा दिली आहे. येत्या मंगळवारच्या गाडीने (काना पाहून घ्यावा) मी हत्यारे घेऊन येतो. बंदूक आपल्या घरीच राहील, आपल्या समोरच मी काम करीन, आणि तशी परवानगी मिस्त्री ठाण्यातून घेऊन देत आहेत.

गालाला हळद आणि तूप लावावे. तोवर एकही बार काढू नये.

माया कमी झाली नाही असे आपण लिहिले, ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचतो आहे.

आपला अपराधी,
पंजाब

•

चिखली
दि. २६ सप्टेंबर १९६४

ती. जनका आत्याबाईंच्या चरणी,
पंजाबचा शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. आपण बांधून दिलेल्या भाकरी मोताळ्यालाच संपल्या. शेजारच्या प्रवाशाने ठेच्याचे फार कौतुक केले आणि अर्धा त्यानेच खाल्ला.

समोर असताना जे बोलता आले नाही ते लिहितो.

लिंबाखाली आपण खाटेवर बसलात, बंदूक उघडून रिकामी असल्याची दोघांनी खात्री केली, आपण ती डाव्या खांद्याला लावली आणि मी आपल्या गालाजवळ पेन्सिलने खूण केली. मग मी नळी सोडवून दस्ता वेगळा केला. रंधा धरण्याची माझी हिंमत नव्हती, म्हणून काचेनेच तासू लागलो. आपण म्हणालात की डोळ्याने पाहू नकोस, लाकूड किती उरले ते डोळ्याला दिसत नाही, वाजवून पाहा. मी तासायचो आणि आपण टिचकी मारून ऐकायच्या, भोपळा पिकला का पाहतात तसे. मला सगळे आवाज सारखेच वाटत होते. आपण मध्येच माझे मनगट धरले आणि म्हणालात की आता नाही, आता ते बोलायचे थांबले. मी तो भाग उजेडापुढे धरून पाहिला. अजून एक पापुद्रा गेला असता तर आरपार बोट दिसले असते. दोन वर्षे मी या धंद्यात आहे, आणि आवाजावर थांबता येते हे मला माहीत नव्हते. आजोबांनी आपल्याला शिकवले की आपणच ऐकत ऐकत शिकलात, हे विचारायचे राहिले.

आणि नाल्याच्या काठी आपण पदर कमरेला खोचून उभ्या राहिलात, ते मी विसरणार नाही. पंगतीत वाढणाऱ्या आत्याबाई मला ठाऊक होत्या. या दुसऱ्याच कोणीतरी होत्या. डावा खांदा पुढे, पाय जमिनीत रोवलेले, मान अगदी सैल. गाल टेकला आणि ताठ मानेने डोळा माशीवर आला, तेव्हा आपण हळूच म्हणालात, की दिसली. मला रडू आले होते, धूळ गेली असे मी म्हणालो ते खरे नव्हते.

तरीही बार नेमासाठी ठेवलेल्या मडक्याच्या खाली गेला, हे माझ्या मनातून जात नाही. आपण म्हणालात की ती बंदुकीची चूक नाही, श्वास माझा चुकला. आपण माझ्यासाठी तसे म्हणालात की खरेच तसे होते? आता आपल्याजवळ मोजकीच काडतुसे उरली आहेत, म्हणून सराव नको. रोज सकाळी रिकाम्या बंदुकीने फक्त नेम धरावा आणि श्वास सोडून थांबावा. तासलेल्या जागी आणि पलीकडच्या अंगाला चिकटवलेल्या पट्टीला ओले फडके लावू नये.

ठाणेदारसाहेबांसमोर डाव्या हाताने धरायला संकोच वाटला तर माझी शपथ आहे. निकाल काहीही लागो, पत्र मात्र त्याच दिवशी टाकावे.

आपल्या मायेवरच हा कारागीर उभा आहे, एवढे जाणावे.

आपला,
पंजाब

•

पायथ्याचा मळा
ता. १३ ऑक्टोबर ६४

चि. पंजाबा,
तुले माहे आशीर्वाद. बसून वाच, उभ्यानं नोको.

आज ठाण्याच्या मांगं, नाल्याच्या उंच काठासमोर बोलावलं होतं. ठाणेदारसायब खुर्चीवर, शिपाई बाजूले, अन् अर्धा बाजार अल्याडच्या काठावर. बनाबाई माह्यासंगं आली होती, गड्या-मानसाईत एकटी कशी जाशीन म्हने. भाऊजी धुतलेलं धोतर नेसून आले होते. पल्याडच्या मातीच्या काठावर गाडगं ठेवलं. सायब म्हने, एकच बार, शिकारीत दुसरा भेटत नाही.

म्या पदर खोचला अन् बंदूक डाव्या खांद्याले लावली. काठावर कुजबुज झाली. एक म्हातारा म्हने, डाव्या हातानं शस्त्र धरनं बरं नाही, दसरा तोंडावर हाये. मले उत्तर द्याचं नव्हतं, पन तोंडातून गेलं का बाबा, डुकराले उजवं-डावं समजत नाही. सायबाले हासू आलं, त्यायनं ते मिशीत दाबलं.

तुही शपथ आठवली, श्वास सोडला, अन् थांबली. माशी कशी आपोआप येऊन बसली, पंजाबा. मले शोधा बी नाही लागली. बार सुटला तं गाडग्याचं तोंड तेवढं काठावर राह्यलं, बाकीचं कुठं गेलं ते गेलं. गालाले नुसतं कोनी हात लावल्यावानी वाटलं.

मी बंदूक उघडून खाली केली. बनाबाई माह्याइतकी उंच झाली होती, टाचा उचलून. पन भाऊजी म्हने, सायब, हे तं नशिबानं बी लागते, अन् अर्ज माहा बी हाये, मले बी एक बार द्या. सायबानं माह्याकडं पाह्यलं. म्या म्हनलं, द्या, घरातलेच हायेत.

भाऊजी चांगला नेमबाज मानूस, हे मी खोटं नाही सांगत. तुह्या आतोबाच्या मुसळानं त्यायनं घोड्याएवढी रोही पाडेल हाये. त्यायनं उजव्या खांद्याले लावली. मान इकडं केली, तिकडं केली, सायबाले इचारलं का माशी गेली कुठं. मंग जीव रागात आला अन् चाप ओढला. गोळी कुठं गेली ते त्या काठालेच माहीत. दस्ता गालावर बसला, त्याचा आवाज म्या ऐकला. माह्या गालानं तो आवाज ओळखला.

सायब उठले. बंदूक हाती घेतली, तासलेल्या जागेवरून, मंग पल्याडच्या जाड पट्टीवरून बोट फिरवलं अन् म्हने, गुलाबराव, हे बंदूक वहिनीच्या गालावर बेतेल हाये, दुसऱ्याच्या गालाले ते झापडच मारन. ज्याची त्यानंच धराव. अन् कारकुनाले सांगतलं का परवाना आहे तसाच ठेवा. तुही चूक तुले चूक वाटते. आज तेच माहं कुलूप झालं.

येताना एस.टी.त भाऊजी माह्या पुढच्या बाकावर बसले होते, गालाले रुमाल लावून. मी हासली नाही. बनाबाई खिडकीतून भाईर पाहून हासली, तिचा इलाज नव्हता. घरी आल्यावर म्या हळद-तूप कालवून त्यायच्या घरी पाठवलं.

आता तिन्हीसांजेले मी मचानाकडं निघाली होती, बंदूक काखेत, तं भाऊजी दोन वावराच्या मधातल्या धुऱ्यावर उभे होते. गाल पुरीवानीच झाला होता. आधी पावसाचं बोलले, मंग कापसाचं बोलले. मंग खाली पाहून म्हने, वहिनी, तुमचा फेरा झाला का माह्या वावरालोग बी एक चक्कर टाकत जा. म्या म्हनलं, टाकीन भाऊजी, पन आधी माहं वावर.

हा कागद मचानावर बसून लिहून राह्यली, अजून उजेड हाये. मिस्त्रीले माहा नमस्कार सांगजो अन् तू जेवत जाय. तुह्यावर जीव हाये, तो मी उतरू देत नाही. तू बी उतरू देजो नोको.

तुही आत्या
जनका